उसना रवंथ

रेड्याचं पोट गच्च भरलेलं होतं.

डॉक्टर रुबिना मुजावर यांनी कोपराच्या वरपर्यंत हातमोजा चढवला, मेलेल्या रेड्याच्या फाडलेल्या पोटात हात घातला आणि मूठभर चिपाड बाहेर काढलं. उसाचं चिपाड, कुट्टी यंत्रातून निघतं तसं, बोटबोटभर तुकड्यांचं. ओलं झालं होतं एवढाच फरक. ते मऊ पडलं नव्हतं आणि त्याला आंबूस वासही नव्हता. पोटातलं चिपाड आणि दावणीतलं चिपाड शेजारी शेजारी ठेवलं असतं तर कुठलं कुठलं ते सांगता आलं नसतं.

"रेवणभाऊ, हा उपाशी मेलाय," डॉक्टर म्हणाल्या.

रेवण चक्क हसला. हसण्यासारखं काहीच नव्हतं, पण धक्का बसला की माणसाचं तोंड भलतंच काही करून बसतं. "उपाशी? अहो डॉक्टर, पोट बघा की त्येचं. काल सांजच्यापतूर खात हुता ह्यो."

"खात होता. पचत नव्हतं."

रेवणनं वळून गोठ्याकडं पाहिलं. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये त्याचे अडीचशे रेडे दोन रांगांत उभे होते आणि सगळ्यांची तोंडं दावणीत होती. सगळे खात होते. कराकरा, नेटानं, सकाळपासून खात होते. कालपर्यंत हाच आवाज ऐकून त्याला बरं वाटायचं. आता तो चिपाडाच्या ढिगावर मटकन बसला.

हे रेडे इथं आले कसे, ते आधी सांगायला हवं. कोल्हापूरच्या गवळी गल्लीत म्हैस व्याली आणि रेडी झाली तर घरात आनंदीआनंद. रेडा झाला तर कुणी काही बोलत नसे. रेडकू दूध पिणार आणि दूध तर विकायचं असतं. मग पान्हा फुटेपर्यंत त्याला आचळाशी सोडायचं आणि लगेच ओढून बाजूला बांधायचं. पाच-सहा आठवड्यांत ते आपोआप संपायचं. 'आपोआप' हा शब्द गल्लीला फार सोयीचा होता. म्हशींवर जीव टाकणारी, शिंगांना तेल लावून त्यांना दिवाळीच्या पाडव्याला मिरवणारी ही माणसं. पण त्या कोपऱ्यातल्या दाव्याकडं कुणी बघायचं नाही.

मग परदेशातून विरजण आलं.

म्हैस चारा खाते असं आपण म्हणतो, पण ती तो नुसता गोळा करते. खरे खाणारे तिच्या पोटात असतात. तिच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे पिंपाएवढा रांजण. आत ऊब असते, हवा जवळजवळ नसते आणि अब्जावधी सूक्ष्म जंतू तिथं चारा आंबवत बसलेले असतात. त्यांनी फोडून दिलेल्यावर आणि शेवटी त्या जंतूंवरच म्हैस जगते. या जंतूंना गवत जमतं, कडबा जमतो, पण रस काढून घेतलेलं चिपाड जमत नाही, कारण त्यातला धागा लाकडाच्या जातीचा असतो. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं वाळवीच्या पोटातली जनुकं उचलून या जंतूंत बसवली. वाळवीला लाकूड पचतं, तेव्हा आता रेड्यालाही पचू लागलं. थोडं पोटात सोडलं की आठवडाभरात सगळा रांजण ताब्यात घ्यायचं, म्हणून गल्लीनं त्याचं नाव ठेवलं विरजण.

कंपनीनं त्याला एक कुलूपही लावलं होतं. या नव्या जंतूंना जगायला एक असा पदार्थ लागे जो निसर्गात कुठंच नाही. तो फक्त कंपनीच्या निळ्या चाटणविटेत मिळायचा. जनावरानं वीट चाटली की जंतू जिवंत. चाटली नाही, तर चार दिवसांत मेले. रानावनात विरजण पसरू नये म्हणून ही काळजी घेतलीय, असं कंपनी सांगायची. विटाही विकल्या जायच्या, हे कंपनी सांगायची नाही.

कारखान्याचं चिपाड डोंगरासारखं पडलेलं. रेवणनं गल्लीतली नको असलेली रेडकं गोळा केली, नदीपलीकडं शेड घातली, दोन वर्षं रेडे वाढवायला आणि मांसाच्या निर्यातीला धाडायला सुरुवात केली. घर लिंगायत गवळ्याचं. घरात अंडं शिजत नव्हतं. मोठा भाऊ शिवलिंगअण्णा गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर चार माणसांदेखत म्हणाला, "आपल्या घरातलं पोरगं खाटकाचा धंदा करालंय."

रेवणला राग आवरला नाही. तो म्हणाला, "मी दोन वर्सं पोटभर घालून धाडतोय. तुमच्या गोठ्यातली रेडकी कुठं जात्यात अण्णा? सांगा की सगळ्यास्नी."

त्या दिवसापासून सहा वर्षं दोघा भावांत एक शब्द नव्हता. अण्णाला खाटिकखान्याचा राग होता हे खरं, पण त्याहून मोठा राग, जे गल्लीत कधीच कुणी बोललं नव्हतं ते रेवण मोठ्यानं बोलला याचा होता.

तर असे ते रेडे. आता पुढं.

परदेशात एका बंदरावर आपल्या मांसाची तपासणी झाली आणि त्यात विटेतल्या त्या पदार्थाचा अंश सापडला. त्यांनी आपलं मांस बंद केलं. आपल्या सरकारनं त्याच आठवड्यात वीट आयात करायला बंदी घातली. टीव्हीवर दोन्ही बाजूंची माणसं मोठ्या आवाजात भांडली. रेवणला वाटलं, होईल सुरू महिन्याभरात. तोवर रेडे नुसते सांभाळायचे. घरातल्या विटा संपल्या, तालुक्यातल्या संपल्या. वीट नसली तर जुने जंतू परत येतील, रेड्यांना कडबा घालू, एवढाच त्याचा हिशेब. त्याचाच काय, सगळ्यांचा.

"पण जुने जंतू उरलेच नाहीत," डॉक्टर रुबिना चिपाडावर त्याच्या शेजारी टेकत म्हणाल्या. त्यांच्या हातात मोबाईलएवढं 'वाचक' नावाचं यंत्र होतं. त्याच्या कपात रवंथाच्या रसाचा थेंब टाकला की आत कुठले जंतू आहेत, मेलेले किती, जिवंत किती, हे जनुकं वाचून पडद्यावर यायचं. "विरजणानं त्यांना हुसकावून लावलं. आता विरजणही मेलं. रांजण रिकामा आहे, रेवणभाऊ. कडबा घातला तरी तो नुसता आत साठणार."

"मग दुसऱ्या म्हशीचा रवंथ घालू की. त्येच्यात हाय काय!"

त्याला हे सुचणं साहजिक होतं. गवळ्यांत ही फार जुनी रीत आहे. एखाद्या जनावरानं चारा सोडला की शेजारच्या धडधाकट जनावरापाशी जायचं. ते रवंथ करत बसलेलं असतं. गोळा घशातून वर आला की एका हातानं त्याची जीभ बाजूला धरायची, दुसऱ्या हातानं तो गोळा काढून घ्यायचा आणि धावत जाऊन आजारी जनावराच्या घशात सारायचा. रवंथ विकायचा नाही. त्याची परतफेड मोजायची नाही. आणि मागायला आलेल्याला, तो कितीही वैरी असला तरी, नाही म्हणायचं नाही.

"त्यानंच तर घात झालाय," डॉक्टर म्हणाल्या. "मी तीन दिवस गावोगाव वाचक घेऊन फिरतेय. ज्यांनी विरजण कधी विकतसुद्धा घेतलं नाही, त्यांच्याही म्हशींत ते आहे. विचारलं की एकच उत्तर. म्हैस आजारी होती, रेवणच्या शेडवरनं रवंथ आणला."

रेवणचे रेडे पंचक्रोशीत सगळ्यात तुकतुकीत, तेव्हा माणसं त्याच्याकडंच यायची. यायची, आणि त्यानं कधी कुणाला परत पाठवलं नव्हतं. उलट त्याला अभिमान वाटायचा, की मला खाटीक म्हणणारी गल्ली रवंथासाठी माझ्याच दारात येते. मग त्यांच्या म्हशींनाही वीट लागायची आणि तेही वीट आणायचे. त्यानं आपल्या हातानं, मूठ मूठ करून, सगळ्या तालुक्याचे रांजण रिकामे केले होते.

"लांबून आणू," तो कसाबसा म्हणाला.

"लांबून आणायला ते टिकत नाहीत. हवा लागली, गार झालं की मरतात. तास-दीड तासात पोचेल अशा अंतरावर एक तरी जनावर हवं, ज्याला तुमच्याकडचा रवंथ कधीच लागला नाही. आठवा."

आठवायला वेळ लागला नाही. "अण्णाची चंद्रा," रेवण उठून उभा राहिला. "त्यो सहा वर्सं माझ्या दारात आलेला न्हाई. मरंल, पर यायचा न्हाई."

चंद्रा म्हणजे पंढरपुरी जातीची म्हैस, पाठीवरून पार मागं गेलेली तलवारीसारखी शिंगं. वयानं आता उतरलेली, पण पाडव्याच्या मिरवणुकीत अजूनही पहिला मान तिचा. अण्णाला मूलबाळ नव्हतं. बायको गेल्यापासून तो आणि चंद्रा असं दोघांचंच घर होतं.

"चंद्राला दिलाय."

हे कस्तुरी बोलली. रेवणची बायको शेडच्या दाराशी घमेलं घेऊन कधीची उभी होती.

"काय दिलाय?" रेवणनं विचारलं.

"रवंथ. मी दिला. दोन वर्सं झाली, तुम्ही बंदरावर गेलेला तवा. अण्णा आलते."

"कोण आलतं?"

"अण्णा. त्या फाटकाच्या भाईर उभं ऱ्हायलेलं. आत या म्हटलं तर येईनात, जाईनात. चंद्रा बसली हुती, चार दिस चारा घेतला न्हवता. सगळी गल्ली फिरून आल्यालं, कुणाचंच जनावर रवंथ करण्यागत न्हवतं, ताप फिरालता तवा. मग खाली मान घालून म्हणालं, कस्तुरे, रवंथ पायजे. मी न्हाई कशी म्हणू?"

"आणि मला सांगितलं न्हाईस?"

"सांगू नको म्हणालं." तिनं घमेलं खाली ठेवलं. "मी रेड्याची शिंगं धरली, त्येंनी रवंथ काढला. जाताना त्या रेड्याच्या पाठीवरनं हात फिरवला त्येंनी. लई येळ फिरवला."

अण्णा या शेडमध्ये येऊन गेला होता. सहा वर्षं ज्या गोष्टीची रेवणनं वाट पाहिली होती, आणि वाट पाहतोय हे स्वतःलाही कबूल केलं नव्हतं, ती दोन वर्षांपूर्वीच घडून गेली होती. त्याच भेटीनं शेवटची म्हैसही हातची गेली होती. आनंद व्हावा की ऊर बडवावा, त्याला कळेना. मागं शेडमध्ये आणखी एक रेडा धप्पकन खाली बसला. तोंडातलं चिपाड तसंच होतं.

"तरी वाचक लावून बघू," डॉक्टर म्हणाल्या, पण त्यांच्याही आवाजात जोर नव्हता.

अण्णा घरापुढच्या पडवीत चंद्राच्या शिंगांना तेल चोळत होता. पाडवा महिन्यावर आला होता. डॉक्टरांबरोबर रेवण फाटकातून आत आलेला पाहून त्याचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला. चंद्रा खाली बसून रवंथ करत होती. तिच्या संथ हलणाऱ्या जबड्यावरून रेवणची नजर हलेना. पंधरवड्यात त्यानं असं रवंथ करणारं जनावर पाहिलं नव्हतं, आणि हे आत्ता इथं उभं राहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्याचे रेडे खात होते, पण रवंथ करत नव्हते. गवळ्याच्या पोटी जन्मून हे त्याच्या नजरेतून सुटलं होतं.

डॉक्टरांनी अण्णाला सगळं समजावून सांगितलं. अण्णानं मान हलवली, स्वतः चंद्राच्या जबड्यात हात घालून थोडा रवंथ काढला आणि वाचकाच्या कपात पिळला. रेवणकडं त्यानं बघितलंच नाही.

पडद्यावर पट्ट्या उमटायला लागल्या. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी कप धुतला, पुन्हा थेंब टाकला, पुन्हा वाट पाहिली. मग त्यांनी अण्णाला विचारलं, "या म्हशीला रेवणभाऊंकडचा रवंथ दिल्यावर निळी वीट किती दिवस दिलीत?"

"दिली न्हाई."

"एकदाही नाही? सगळे देतात."

अण्णाचे कान लाल झाले. "वीट आणायची म्हंजे दुकानात जाया पायजे. दुकानात गेलो की गल्लीला कळलं, की शिवलिंग गवळ्यानं भावाच्या शेडवरनं रवंथ आणलाय. न्हाईतर मग परत ह्येच्या दारात मागाया जाया पायजे. एकदा गेलतो तेवढं बास झालं."

डॉक्टर रुबिना हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "तिच्या पोटात विरजण गेलं होतं, पण मूठभरच. तिचे स्वतःचे जंतू अजून होते, नुसते अशक्त झाले होते. विरजणानं चार दिवस चारा पचवून दिला, तेवढ्यात तिच्यात त्राण आलं. वीट मिळाली नाही म्हणून ते मेलं आणि तिचे जुने जंतू परत वाढले. या यंत्रात त्याचा आता मागमूससुद्धा नाही. सगळे जुने, सगळे जिवंत. अण्णा, तुमच्या हट्टानं ही म्हैस वाचवली."

चंद्रा रवंथ करत होती.

"रवंथ मागाया आलायस न्हवं?" अण्णा चंद्राकडं बघत म्हणाला. सहा वर्षांतलं हे पहिलं वाक्य. "मग रीतीनं माग."

"अण्णा, रवंथ पायजे."

"घे."

पण घ्यायचा कसा आणि किती? तोंडातून एका वेळी गोळाभर मिळणार. दिवसाकाठी पाच-दहा जनावरांना पुरला तर पुरला, आणि उपाशी जनावरं रेवणचीच अडीचशे. बाकी तालुका वेगळाच. डॉक्टरांनी थोडं घुटमळत दुसरा मार्ग सांगितला. चंद्राच्या डाव्या कुशीत, बरगडीच्या मागं, पोटाच्या मोठ्या कप्प्यापर्यंत एक गोल भोक पाडायचं. त्यात रबरी कडं बसवायचं आणि वर झाकण. झाकण काढून हवा तेवढा रस घेता येतो. जगभर जनावरांच्या दवाखान्यांत अशा गाई पाळतात. दुखणार नाही, जागा बधिर करू. जनावर पुढं वर्षानुवर्षं जगतं.

"वय झालंय तिचं," त्या म्हणाल्या. "धोका नाही असं मी म्हणणार नाही. आणि ते कडं कायमचं राहील."

अण्णाचा चेहरा उतरला. ज्या म्हशीच्या अंगावर त्यानं चाबूकही टेकवला नव्हता, तिच्या पोटाला खिडकी पाडायची! भोक पडलेलं, व्यंगाचं जनावर पाडव्याला मिरवत नाहीत. गल्लीत हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"नको," रेवणच बोलून गेला. "अण्णा, नको. तोंडातनं मिळंल तेवढा बास. जेवढी वाचतील तेवढी वाचतील."

अण्णानं पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ पाहिलं. "वाचली तर फुडं काय करणार त्येंचं?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. देवाला सोडीन म्हणाला असता, धंदा बंद करतो म्हणाला असता, तर अण्णाही ते मानायला तयार असावा असं त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. रेवणला ते जमलं नाही. "ट्रकात जातील, अण्णा. दुसरं काय करू?"

मग अण्णानं तेलाची वाटी बाजूला सारली, धोतराला हात पुसले आणि तो डॉक्टरांना म्हणाला, "पाडा खिडकी."

"अण्णा..."

"गप. रवंथ देताना, त्या जनावराचं फुडं काय हुणार, हे इचारायचं नसतंय. मीच इचारायला चुकलो." तो थांबला आणि पुढचं खाली बघत बोलला. "माझ्या गोठ्यातली रेडकी कुठं गेली, हे तरी मला कोण इचारलं? तू इचारलंस, तर तुझं तोंड बघितलं न्हाई सहा वर्सं."

चिरताना चंद्रा उभीच होती. अण्णानं तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं होतं आणि तिच्या कानात तो काहीबाही बोलत होता. डॉक्टरांनी कूस भादरली, सुया टोचल्या, कातडं कापलं. रेवण बादली धरून उभा होता. खिडकी उघडली आणि आतून उबदार, आंबूस वासाची वाफ बाहेर आली, आणि त्याला लहानपणीचा गोठाच आठवला. आत हिरवट काळोखात सगळं हळूहळू ढवळत होतं. अण्णानं मान वळवून त्या खिडकीतून आत पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. जन्मभर आपण म्हशीला जो चारा घालतो, तो कुठं जातो, हे त्यानं पहिल्यांदा बघितलं. "एवढं?" तो पुटपुटला. "एवढं सगळं आत जितं हाय?"

मग गल्ली कामाला लागली. हवा लागू द्यायची नाही, गार होऊ द्यायचं नाही, म्हणून बायकांनी घराघरांतून चहाचे थर्मास आणले. काठोकाठ भरायचे, झाकण घट्ट लावायचं आणि मोटारसायकलवरून सुसाट नदीपलीकडं. कस्तुरी आणि रेवण रेड्यांच्या घशात नळी घालून रस सोडत होते. अण्णा चंद्राला सरकी पेंड, हिरवा मका, उसाचं वाडं, तिला आवडेल ते घालत होता, कारण तिचा रांजण भरलेला राहायला हवा होता. पहिल्या दिवशी काहीच फरक दिसला नाही. दुसऱ्या दिवशी आणखी रेडे मेले आणि रेवणला वाटलं, सगळं फुकट गेलं, म्हैसही फुकट चिरली. तिसऱ्या दिवशी दुपारी कस्तुरीनं त्याला हाक मारली. शेडच्या टोकाला पांढऱ्या ठिपक्यांचा एक बांडा रेडा खाली बसला होता. त्याचा जबडा हलत होता. तोंडात चारा घालणारं कुणी नव्हतं, पुढ्यात दावण नव्हती, आणि तरी जबडा हलत होता. त्याच्या घशातून गोळा वर चढताना रेवणनं डोळ्यांनी पाहिला. मग तो त्याच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला.

निम्म्याहून थोडे जास्त वाचले. बाकीच्यांना पुरायला रेवणला मोठा खड्डा काढावा लागला.

पाडव्याला गल्लीतून मिरवणूक निघाली. शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं आणि कवड्यांच्या माळा घातलेल्या म्हशी आपापल्या मालकांच्या मोटारसायकलींमागं धावत होत्या. मोटारसायकलींचे सायलेन्सर काढलेले, त्यामुळं कानठळ्या बसत होत्या. चंद्रा पडवीतच होती. कुशीला रबरी झाकण, त्यावर अण्णानं हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. अण्णाच्या दारापाशी आलं की प्रत्येक जण गाडी बंद करायचा, म्हशीला चालत पुढं न्यायचा आणि कोपऱ्यावर गेला की पुन्हा चालू करायचा. असं करा म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णाला मात्र तो मान वाटला की नाही, कोण जाणे. तो आत जाऊन बसला.

उन्हाळ्यात निर्यात पुन्हा सुरू झाली. अट अशी, की प्रत्येक जनावर फाटकातच वाचकावर तपासायचं. विरजण सापडलं की परत. पहिला ट्रक आला त्या सकाळी रेवण शेडच्या दाराशी उभा होता. डॉक्टर रुबिनांनी त्याला आदल्याच आठवड्यात पडदा दाखवला होता. एकेका रेड्याच्या पोटात जे जंतू होते ते सगळे चंद्राचे, जनुकागणिक चंद्राचे. आता त्याला ट्रककडं बघवत नव्हतं. तपासणारा माणूस थेंब घेत होता आणि "विरजण नाही, पास," असं कंटाळल्या आवाजात म्हणत होता. बांड्या रेड्याचा नंबर पहिला होता.

"थांबव."

रेवणनं मागं पाहिलं. फाटकाच्या आत, शेडच्या ऐन दारात, अण्णा उभा होता. ट्रकचं नाव काढलं तरी तोंड फिरवणारा अण्णा. त्याच्यामागं कागलकडचे, हुपरीकडचे पाच-सहा गवळी रांगेनं उभे होते, आणि प्रत्येकाच्या हातात थर्मास होता. त्यांच्याकडची जनावरं चंद्राच्या घोट-घोट रसावर कशीबशी तगली होती, पण अजून सावरली नव्हती. चंद्रा एकटी किती जणांना पुरणार?

अण्णाला रडू येईल, तो आडवा पडेल, बांड्याचं दावं सोडेल, असं काय काय रेवणच्या मनात येऊन गेलं. सोड म्हणाला तर सोडायचं, असंही त्यानं ठरवून टाकलं.

अण्णानं बाह्या वर सारल्या. "बघत काय हुबा ऱ्हायलास? शिंगं धर. चढवायच्या आदी रवंथ काढून घिऊ."

रेवणनं शिंगं धरली. दोघं भाऊ वाट पाहत उभे राहिले. बांड्याच्या घशातून गोळा वर आला, तसा अण्णानं त्याची जीभ बाजूला धरली, हात आत घातला आणि रवंथ काढून कागलच्या गवळ्याच्या थर्मासात सोडला. मग ओला हात धोतराला पुसला आणि तो बांड्याच्या पाठीवरून फिरवला. लई वेळ फिरवला. ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला तरी फिरवत राहिला.

शेवटी त्यानं हात काढला, आणि बांडा फळीवरून ट्रकात चढला.

"फुडचा आण," अण्णा म्हणाला.